पेल्यात उरलेले दोन घोट

आमच्या गावच्या प्रार्थनाघरात खिडक्या दोन होत्या, चटया अकरा आणि पेला एक. पेला जर्मन सिल्व्हरचा, काठाजवळ थोडा चेपलेला. एरवी तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून शाळेच्या पेटीत ठेवलेला असे आणि पेटीची किल्ली माझ्याकडे असे. मी मिशनच्या शाळेचा मास्तर होतो आणि मंडळीचा कारभारीही मीच होतो. वय बावीस.

गाव भालकी आणि कमलनगरच्या मधलं. पाळक बीदरला राहायचे. तीन महिन्यांतून एकदा ते कमलनगर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं येत आणि त्या रविवारी प्रभुभोजन होई. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, हे काम माझं. भाकरीच्या जागी चपातीचे तुकडे असत. सगळे त्या एकाच पेल्याला ओठ लावत. सगळ्यांचं झालं की तळाशी जे उरेल ते कारभाऱ्यानं पिऊन टाकायचं, असा दंडक होता. प्रार्थना करून दिलेला रस ओतून द्यायचा नाही आणि पुढच्या वेळेसाठी ठेवायचाही नाही.

मंडळी म्हणजे आमचा वाडा. माझ्या आजोबांच्या वेळी सगळा महारवाडा एकाच वर्षात ख्रिस्ती झाला होता. गावाच्या लेखी त्यानं फरक पडला नाही. विहिरीवर आमच्या बायका खाली उभ्या राहत आणि वरून कुणी वाढील तेव्हा घागर भरे. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर विहिरी सर्वांना खुल्या झाल्याचं सरकारनं सांगितलं, पण आमच्या गावात ते कुणी ऐकलं नाही. तेव्हा वाड्याच्या वतीनं भालकीच्या तहसीलीत अर्ज गेला. तो मी लिहिला. कचेरीचा कारभार अजून उर्दूतून चालायचा, म्हणून उर्दूत लिहिला. माणसाच्या हातानं किंवा तोंडानं पाणी बाटत नाही, असं त्यात एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं. अर्जाची नक्कल मी जपून ठेवली.

अर्ज गेला त्याच उन्हाळ्यात मांगवाड्यातल्या चार घरांनी बाप्तिस्मा मागितला. तीन घरं भरलेली होती आणि एका घरात एकटीच म्हातारी. केकताडाची पानं भिजवून, बडवून त्यातून वाक, म्हणजे धागा, काढायचा आणि त्याची दोरखंडं वळायची, हा तिचा धंदा. फावल्या वेळात केरसुण्या बांधायची. देवीच्या जत्रेतलं मांगाचं काम तिनं आधीच सोडून दिलं होतं, त्यामुळे तिच्या भावकीनं तिच्याशी जेवणखाण तोडलं होतं. तिला आता दुसरी पंगत नव्हती.

या चार घरांना शिकवायला आठवड्यातून तीन संध्याकाळी मी मांगवाड्यात जायचो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार आणि बारा वचनं, एवढं पाठ झाल्याशिवाय पाळक बाप्तिस्मा देत नसत. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती सोडत नसे. मी एक तुकडा म्हणायचो, ती दोराला पीळ देत म्हणायची, आणि पीळ बसला की वचनही बसायचं. मी बसायचो तो दगड तिच्या अंगणाच्या कडेला होता. त्याच्या आत मी गेलो नाही.

पहिल्या तिन्ही संध्याकाळी तिनं तांब्याभर पाणी पुढे केलं. तिन्ही वेळा मी म्हणालो, "आत्ताच पिऊन आलोय." चौथ्या संध्याकाळी तिनं तांब्या आणला नाही. मला बरं वाटलं.

त्या बारांतलं एक वचन रोमच्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातलं होतं. या जगाच्या साच्यात बसू नका, तुमचं मन नवं होऊ द्या आणि त्यानं तुमचं रूप पालटू द्या, असा त्याचा आशय. मी ते समजावून सांगितलं. जुने विचार टाकायचे, शास्त्रातले नवे विचार घ्यायचे. फळ्यावर दोन रकाने काढून सांगावं इतकं ते मला सोपं वाटत होतं.

ती म्हणाली, "टाकायचे म्हंजी कुठं टाकायचे, मास्तर?"

"मनातून काढायचे."

"जुन्या दोराचा नवा दोर करायचा आसला तर आधी उलटा पीळ द्यावा लागतो. लई येळ लागतो. हात सोलतो. तुजं किती सोललं?"

बाजूच्या घरातल्या बाया हसल्या. मीही हसलो आणि पुढचं वचन घेतलं.

बाप्तिस्म्याची तारीख ठरली तेव्हा आमच्या घरी वाड्यातली जाणती माणसं जमली. माझे वडील मंडळीतले वडीलधारे होते. बाप्तिस्म्याला कुणाची हरकत नव्हती. अडचण पेल्याची होती.

"पानी शिंपडून घेऊ द्या की. आपलं काय जायलंय?" एक जण म्हणाला. "पर पेला एकच हाय."

"देवाच्या घरात आसं बोलू नाही."

"मी कुठं बोलायलोय? उदगीरकडं पोरीची सोयरीक जमायलीय. तिकडचे पावणे बोलत्याल."

"मंग दुसरा पेला आणा."

"दुसरा पेला आणला तर पाळक इचारंल की, कामून म्हणून."

मग मी बोललो. प्रभुभोजनाला लोक वाटेल तसे पुढे येतात, गर्दी होते, ते बरं दिसत नाही, असं मी म्हणालो. बाप्तिस्म्याच्या तारखेनुसार यादी करावी. ज्याचा बाप्तिस्मा आधी तो आधी येईल. यात कुणाचा अपमान नाही, आणि पाळकांनाही शिस्त आवडेल.

सगळ्यांना ते लगेच कळलं. नव्या लोकांची तारीख शेवटची होती, म्हणजे पेलाही त्यांच्याकडे शेवटी जाणार होता. वडील म्हणाले, "शिकीवल्याचं चीज झालं." मी खाली पाहिलं, पण मला आनंद झाला होता. पाळकांनी यादी वाचून मान हलवली. अक्षर चांगलं आहे, म्हणाले. त्यांना शंका आली की नाही, मला माहीत नाही.

यादी मी त्याच दौतीतून लिहिली जिच्यातून तहसीलीचा अर्ज लिहिला होता. चारही घरांची तारीख एकच, म्हणून त्यांच्यात क्रम मी लावला. भरलेली घरं आधी आणि एकटी म्हातारी सर्वांत शेवटी.

एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती आणि त्या बैठकीतल्या दुसऱ्या कुणाच्याही नाही. ती पहिल्या प्रभुभोजनाला कळली. म्हातारीनं पेल्याला ओठ लावले, पाळकांनी पेला तिच्याकडून घेतला आणि दंडकाप्रमाणे माझ्या हातात दिला. तळाशी दोन घोट होते. मांगवाड्याला शेवटी ठेवण्याची युक्ती मी काढली होती, आणि त्यांच्या मागे पिणारा मी एकटाच उरलो होतो.

मंडळी शेवटचं गीत म्हणत होती. पेला धुवायला नेतो आहे असं दाखवून मी मागच्या दारानं बाहेर गेलो आणि भिंतीजवळच्या लिंबाच्या बुंध्याशी रस ओतला. पेला राखेनं घासला. नंतर आत येऊन गीताचं अखेरचं कडवं म्हटलं.

असं मी पाच वेळा केलं. तीन महिन्यांनी एकदा, म्हणजे पुरतं एक वर्ष. घाईत, रागात किंवा भीतीनं हे एकदा झालं असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. पाच वेळा होणारी गोष्ट ही पद्धत असते. या काळात मी दर रविवारी शास्त्रपाठ वाचत होतो आणि नव्या मनाचं ते वचन मुलांकडून पाठ करून घेत होतो.

प्रार्थनाघराचं अंगण म्हातारी झाडायची. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच बांधलेली केरसुणी घेऊन सोमवारी सकाळी यायची. पाचव्या वेळेनंतरच्या आठवड्यात मी तिच्या अंगणाकडेच्या दगडावर बसलो होतो. बाप्तिस्म्यानंतरही शिकवणं चालू होतं, तिला नवी वचनं हवी असत. तिनं पीळ देता देता विचारलं, "मास्तर, पेल्यात उरतं ते कोण पितंय?"

"कारभारी. मी."

"ग्वाड लागतंय?"

"लागतं."

"मुंग्यांनाबी ग्वाड लागतंय," ती म्हणाली. "लिंबाखाली तांबड्या मुंग्यांची रांग लागलीय. दर बारीला लागती. मी झाडून काढते, परत येतात."

तिनं वर पाहिलं नाही. पुढचं वचन सांग, म्हणाली. मी सांगितलं. कोणतं ते आठवत नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला तिची पाळी आली तेव्हा तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि सगळा पिऊन टाकला. मान मागे करून, तळ दिसेपर्यंत. पाळकांनी रिकाम्या पेल्यात पाहिलं.

"बाई, हा पाणवठा नाही," ते म्हणाले. "इथं एक घोट घ्यायचा असतो."

"व्हय, साहेब."

पुढच्या चटयांवरून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला तहान लागली जणू." मंडळी हसली. लहान मुलंही हसली, त्यांत माझ्या शाळेची होती. पाळकांनी रिकामा पेला माझ्याकडे दिला. ओतायला काही नव्हतं. तिनं असं का केलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी पेला फडक्यात गुंडाळला.

त्या आठवड्यापासून वाड्यात तिला तहानेली म्हणू लागले. ती रस्त्यानं दोरखंड घेऊन चालली की पोरं विचारायची, "तहानेले, पाणी देऊ का?" ती म्हणायची, "तुमच्या इहिरीवर तुमालाच कुठं मिळायलंय, मला काय देताव!" त्यावर पोरं पांगत.

तीन महिन्यांनी तिनं पुन्हा तसंच केलं. या वेळी पाळक रागावले. प्रभूच्या मेजाची ही थट्टा आहे, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. पुढच्या एका प्रभुभोजनाला तिला बसता येणार नाही, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर तिचं नाव कायमचं काढावं लागेल. तिनं फक्त "व्हय, साहेब" म्हटलं. पाळकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, तुम्ही यांना शिकवता. हे काय आहे?"

मी म्हणालो, "म्हातारी आहे. समजत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं दिलं आहे. तिला बारा वचनं आली होती, वर आणखी वीस आली होती.

पुढची यादी मी तिच्या नावाशिवाय लिहिली. एक ओळ कमी झाली म्हणून यादी कागदावर नीट बसली, अशी नोंद माझ्या मनानं त्या वेळी घेतली होती. ती नोंद मला अजून आठवते.

त्या रविवारी ती आली, पण आत आली नाही. मला वाटलं घरी गेली असेल. भोजन झालं, बाकीच्या तीन घरांचं पिऊन झालं आणि पेला माझ्या हातात आला. दोन घोट. सवयीनं मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

ती लिंबाच्या बुंध्याशी बसली होती. केरसुणी मांडीवर होती.

माझ्या हातातल्या पेल्याकडे तिनं पाहिलं आणि पाय आवरून घेतले, जागा करून दिल्यासारखे.

"वत की, मास्तर," ती म्हणाली. "मुंग्या वाट बघायल्यात."

मी तसाच उभा राहिलो. आत गीताचं दुसरं कडवं चाललं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बहुधा ओतलं असतं.

मी प्यालो. चांगलं वाटलं असं लिहिणं खोटं होईल. घोट घशाशी आला, परत गेला, डोळ्यांत पाणी आलं. ते पश्चात्तापाचं नव्हतं, ओकारीचं होतं. शरीराला वचन पाठ नव्हतं. रस गोड होता, एवढं मात्र कळलं.

"राहिलं बग आजून," ती म्हणाली. तळाशी थेंबभर होता. तोही प्यालो.

मग मी विचारलं, "सांगितलं कामून न्हाईस? पाळकाला सांगायचं की."

"सांगून? तुजी नौकरी गेली आसती. मंग मला वचन कोण शिकीवणार? मला वाचाया येतंय का?" केरसुणी हातात घेऊन ती उठली. "आन ते प्रभूचं रगत हाय म्हणून तूच शिकीवलास मला. मुंग्यांना कसं घालू? म्हणून पेऊन टाकलं."

यादीतला क्रम, वाडा, उदगीरचे पाहुणे यांतलं काहीही तिच्या मनात नव्हतं. मी जे शिकवलं होतं ते तिनं खरं मानलं होतं. इतरांचं मी सांगत नाही, पण आम्हा दोघांत ते खरं मानणारी ती एकटीच होती.

दुपारी पाळकांना स्टेशनवर सोडायला मी गाडीबरोबर गेलो आणि वाटेत सगळं सांगितलं. अर्जापासून मुंग्यांपर्यंत. ते म्हणाले, "हे मंडळीसमोर सांगाल?"

"सांगेन."

"आणि पुढच्या यादीत त्यांचं नाव पहिलं लिहा."

मी तिला हे सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "पयलं नगं. माज्याच जागी लिव. शेवटी बसलं म्हंजी पेला रिकामा व्हतोय का न्हाई ते बघता येतंय." मी तसंच लिहिलं. पुढच्या वेळी तिनं एकच घोट घेतला आणि पेला माझ्या हातात येईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. पाळक काही बोलले नाहीत. मंडळीला वाटलं, शिक्षेनं म्हातारी सुधारली.

मंडळीसमोर मी सांगितलं नाही. त्या वेळी वडील पुढच्या चटईवर होते, हे एक कारण. पुढच्या वेळेपर्यंत पाळकांची बदली झाली आणि नव्या पाळकांना काही माहीत नव्हतं, हे दुसरं. कारणं आहेत एवढंच. ती पुरेशी नाहीत.

मी दुसरं एक केलं. दर वेळी शिकवायला गेलो की तिच्याकडे पाणी मागायचं, असं ठरवलं. दगड सोडून अंगणात बसायचं, असंही. पहिल्यांदा तांब्या तोंडाला लावताना मी मनात ते वचन म्हटलं आणि मग प्यालो, औषध घ्यावं तसं. ती पाहत होती. दुसऱ्यांदाही वचन म्हटलं. असं कित्येक महिने चाललं. प्रत्येक वेळी आपण काहीतरी करतो आहोत हे मला माहीत असे आणि मी आज चांगला वागलो हेही लगेच मनात येई. हा जुनाच विचार होता, अंगरखा तेवढा नवा.

एकदा वैशाखात मी औरादच्या बाजूनं पायी आलो होतो. तिच्या अंगणात येऊन भिंतीला टेकलो आणि म्हणालो, "अक्का, पाणी दे गं." तिनं दिलं, मी प्यालो, अजून मागितलं, आणि कालचं वचन कुठवर आलं होतं ते विचारलं. तिनं हातातला दोर खाली ठेवला.

"काय झालं?"

"काय न्हाई. आज वचन न म्हणता प्यालास," ती म्हणाली. "आन अक्का म्हणलास."

वाड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला मी अक्का म्हणत होतो. तिला तोवर काहीच म्हटलं नव्हतं, हे तिनं सांगितल्यावर मला कळलं.

हैदराबाद राज्य मोडलं, बीदर म्हैसूरकडे गेलं, त्याच सुमारास मी गाव सोडलं आणि हैदराबादला एका वर्तमानपत्रात लागलो. तिथं काम शिकलो. कुणाचं नाव चुकलं, गाव चुकलं, पद चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापायची. ती चौकट अनेक वर्षं मीच लिहीत असे आणि त्यात कधी हयगय केली नाही. गावाहून एकदा कुणाच्या तरी पत्रात शेवटी एक ओळ आली, पाऊसपाण्याच्या खाली: ती तहानेली म्हातारी वारली. पत्र लिहिणारा त्या दिवशी हसणाऱ्यांत होता. मी उत्तर लिहिलं आणि त्यात ती ओळ दुरुस्त केली नाही.

ती दुरुस्ती इथं करतो. प्रार्थनाघरातल्या त्या दोन रविवारी म्हातारीनं पेला रिकामा केला, तो कारभारी उरलेला रस ओतून देत होता म्हणून. कारभारी मी होतो. तिला तहान लागलेली नव्हती.